मोटारीचं बेअरिंग आणि यीस्टचा पंप

भाऊ, एटीपी सिंथेज या पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या फिरत्या मशीनवर मी लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की विहिरीवरच्या मोटारीचं बेअरिंग काढलं की पाणी बंद, तसंच पेशीतल्या मशीनचं, एक भाग काढला की ठप्प, मग ती हळूहळू बनेलच कशी, कोणीतरी अख्खी बसवली असणार. आणि मी 'आपोआप तयार झालं' लिहिलं त्याचा तुम्हाला राग आला. तो शब्द चुकलाच माझा. बदल आपसूक होतात, पण टिकतो कोणता हे निसर्गाच्या निवडीने ठरतं.

पण आज एखादा भाग काढल्यावर मशीन बंद पडते म्हणून तो पहिल्यापासून लागतच होता, असं कुठे ठरतं? लेखातल्या एटीपी सिंथेजचा एक चुलतभाऊ आहे, व्ही-एटीपेझ, पेशीत प्रोटॉन ढकलणारा फिरता पंप. त्यातलं एक कडं प्राण्यांमध्ये दोन प्रकारच्या प्रथिनांचं असतं, यीस्टसारख्या बुरशीत तीन प्रकारच्या. यीस्टमध्ये तिघांपैकी कोणतंही काढा, पंप बंद, म्हणजे अगदी तुमचं बेअरिंगच. २०१२ साली अमेरिकेत संशोधक जो थॉर्न्टन यांच्या गटाने आजच्या जीवांच्या जनुकांवरून त्यातल्या दोन प्रथिनांचा जुना पूर्वज कसा असेल ते काढलं, त्याचं जनुक तयार केलं, यीस्टमधली ती दोन्ही काढून हे एकच घातलं, आणि यीस्ट वाढलं, म्हणजे पंप चालला!

म्हणजे झालं काय, तर एका जनुकाच्या दोन प्रती झाल्या, मग प्रत्येक प्रतीने शेजारच्या प्रथिनाला धरायची एकेक जागा गमावली. जसं वाटणीत एका भावाकडे विहीर गेली, दुसऱ्याकडे मोटार, आता एकट्याने कोणाचंच रान भिजत नाही. नवं कसब काहीच आलं नाही, उलट गेलं, आणि भाग मात्र वाढला. मला तर हे वाचून रात्री झोप लागली नव्हती.

जनुकांच्या जास्तीच्या प्रती ही काही दुर्मिळ गोष्ट नाही हो. आपल्या रावेर-यावलची ग्रँड नैन केळी घ्या, तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच आहेत, म्हणजे जनुकांच्याही तीन-तीन प्रती, म्हणून तर बी धरत नाही.

पहिली पेशीच कशी जुळली, हे मात्र आज कोणीच सांगू शकत नाही, तिथे तुमच्याशी वाद नाही. पण यीस्टच्या पंपाचं उत्तर प्रयोग करून मिळालंय, ते तेवढं बाजूला सारू नका.