चकाकी पडद्यातून येत नाही, अक्का

आमची अक्का खानापुरात एका सोसायटीचे हिशेब घरून बघते. जुन्या लॅपटॉपचं बिजागर निखळलं, नवा घ्यायचा ठरलं आणि नेमका त्याच आठवड्यात भाऊबंदांच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड येऊन पडला. ‘लॅपटॉप घेण्याआधी वाचा’ म्हणून. त्यात पाच गोष्टी. चकाकी म्हणजे पडद्यातून निघणारे निळे किरण, त्यानं नजर जाते, म्हणून निळा चष्मा घ्या. ब्राइटनेस कायम तळाला ठेवा. मॅट, म्हणजे न चमकणारा पडदा, हा स्वस्तातला माल. ओएलईडी, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो तो पडदा घ्या, चकाकी संपली. आणि डार्क मोड, म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरं, लावा.

रात्री साडेदहाला अक्काचा फोन. “चष्मा मागवू की काय रे? मी तर भिऊन गेलो बघ.” चष्म्याची किंमत दोन हजार. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

पहिलाच मुद्दा घ्या. अक्काला म्हटलं, लॅपटॉप बंद कर आणि बघ. पडदा काळा, आत दिवासुद्धा नाही. तरी वरच्या काचेच्या कौलाचा चौकोन त्यात लख्ख दिसतोय, कुंकू नीट लावता येईल इतका. मग हे किरण निघाले कुठून? बंद यंत्रातून? चकाकी तुमच्या पाठीमागून येते: दारातून, कौलातून, ट्यूबलाइटमधून. पडदा तिचा नुसता आरसा होतो. एवढी साधी गोष्ट तपासायला अर्धं मिनिट लागतं, पण फॉरवर्ड करायला दोनच सेकंद लागतात ना.

आणि तो चष्मा. २०२३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं १७ चाचण्या एकत्र करून निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांचा आढावा घेतला. संगणकावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा शीण साध्या काचेपेक्षा या चष्म्यानं कमी होतो, असं त्यांना दिसलं नाही. निदान थोड्या मुदतीत तरी नाहीच. पडद्याकडे टक लावून बसलं की पापणी कमी लवते, डोळा कोरडा पडतो. त्याला दोन हजार लागत नाहीत. चष्म्याच्या दुकानात ‘अँटी-ग्लेअर’ म्हणून विकतात तो लेपही चष्म्याच्या काचेवरची झळक कमी करतो, लॅपटॉपवरची नाही.

पण खरा घात ब्राइटनेसच्या सल्ल्यात आहे. अक्कानं तो लगेच पाळला, आणि दोन दिवस डोकं धरून बसली. साध्या काचेवर पडलेल्या उजेडातला सुमारे ४ टक्के परत फिरतो. उघड्या आभाळाचा उजेड काही हजार निट असतो (निट म्हणजे उजळपणा मोजायचं माप). चार हजार धरा, त्याचे ४ टक्के झाले १६० निट. स्वस्तातल्या लॅपटॉपचा पडदा पूर्ण ब्राइटनेसला २५० निटच्या आसपास. तो तळाला नेऊन ५० वर ठेवलात, तर अक्षरांपेक्षा कौलच तिप्पट उजळ दिसणार. मग माणूस डोळे बारीक करून, मान वाकडी करून आकडे वाचतो. दिवसा उजेडात ब्राइटनेस वाढवायचा असतो हो! रात्री अंधारात कमी करा, त्याला कोण नको म्हणतंय?

मॅटबद्दल मात्र थोडं कबूल करावं लागेल. मॅट पडद्याचा पृष्ठभाग बारीक खरबरीत असतो. तो उजेड गिळत नाही, नुसता पसरवतो. त्यामुळे काळा रंग जरा राखाडी दिसतो, पांढऱ्यावर कधी कधी रवाळपणा जाणवतो. फोटोचं काम करणाऱ्याला ते खटकेलही. पण अक्काला सोसायटीच्या आकड्यांत कसला रंग बघायचाय? आणि ‘स्वस्त माल’ म्हणाल, तर ऑफिसात चालणाऱ्या महागड्या लॅपटॉपांनाही बहुधा मॅटच पडदा असतो.

ओएलईडी? रंग झकास, पण बहुतेक पडदे चकचकीतच. टचस्क्रीनचंही बहुधा तेच. डार्क मोडनं तर पडदा काळा होतो, आणि काळ्या काचेत तोंड जास्त स्पष्ट दिसतं. झालं.

कॉलेज रोडवरच्या एका दुकानदारानंही तिला चकचकीत टचस्क्रीनच पुढं केला होता. म्हणून शनिवारी मीच बरोबर जातोय. लॅपटॉप बंद ठेवूनच झाकण उघडायचं आणि वरची ट्यूब पडद्यात बघायची. रेघ धारदार दिसली की ठेव खाली. धुरकट पट्टा दिसला तर पुढं बोलायचं. मग माहितीपत्रात ‘अँटी-ग्लेअर’ (इथं अर्थ मॅट पडदा) आणि निटचा आकडा: ३०० च्या खाली नको, ४०० मिळाले तर उत्तम. मॅट फिल्म चिकटवून भागेल का, असं तिनं विचारलं. भागतं, पण अक्षरं जरा पुसट होतात. नवाच घ्यायचाय तर ती कशाला?

तोवर तिला टेबल फिरवायला लावलंय. कौल आता पाठीमागं नाही, डाव्या हाताला आलंय. काल म्हणाली, “होय की रे, आता दिसतंय.” चष्म्याचा बेत रद्द केलाय. त्या पैशात जादा रॅम बसेल का, ते शनिवारी विचारतो.