प्रोफेसरची चिमणी आणि पक्याची लिफ्ट

वरळीत बीडीडी चाळी (इंग्रजांच्या काळातल्या सरकारी चाळी) पाडून टॉवर झाले, त्यातल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या त्या आठवड्यात कट्ट्यावर दुसरा विषयच नव्हता. कुणाच्या मामेभावाला कितवा मजला लागला, पार्किंग मिळणार की नाही, आणि आमच्या डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींचा नंबर कधी. त्यात ठाण्याहून प्रोफेसर उगवला. (तो कुठेच शिकवत नाही. चष्मा आणि आवाज यामुळे पडलेलं नाव.) आल्या आल्या मोबाईल काढून फोटो दाखवायला लागला. गंजलेले गज, झिजलेली पायरी, दोरीवरचा टॉवेल. टॉवेल मंद्याचा होता, मंद्या खूश.

"हे सगळं जाणार यार," प्रोफेसर म्हणाला. "एक संस्कृती संपतेय. त्या गॅलरीतल्या गप्पा, तो कठडा..."

पक्याने कटिंग खाली ठेवली. "बीडीडीला गॅलरी कुठे होती रे?"

सगळे गप्प, कारण खरंच नव्हती. गॅलरी बाकीच्या चाळींना. आमच्याकडे मधोमध अंधारा पॅसेज, दोन्ही अंगाला दहा-दहा खोल्या आणि संडास मजल्यावर सगळ्यांना मिळून. भर दुपारी बारा वाजता पॅसेजमध्ये बल्ब लागायचा, आणि तो गेला की कुणी आणायचा यावरून दोन बिऱ्हाडांत जे बोलणं बंद झालं ते त्यांच्या पोरांच्या लग्नापर्यंत बंदच होतं. रविवारी एका खोलीत बोंबील तळला की विसाच्या वीस खोल्यांना कळायचं. आता याला कुणी संस्कृती म्हणत असेल तर म्हणो, मी पक्याच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो.

"मी रूपकात्मक गॅलरी म्हणतोय," प्रोफेसर.

"मग रूपकात्मक रहायला ये ना परत. ठाण्याचा टू बीएचके दे मंद्याला."

मंद्या लगेच तयार. तसा मंद्या शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूने असतो, पण त्यालाही मधेच एक मुद्दा सुचला. बांधकाम म्हणे काय सॉलिड, ब्रिटिशांनी १९२० नंतर बांधलेलं आरसीसी, भिंतीत खिळा ठोकायला गेलं की खिळाच वाकतो. हे खरंय. आमच्या घरात आजोबांचा फोटो तीस वर्षं कपाटाला टेकून होता त्याचं कारण हेच. पण त्याच भिंतीतलं लोखंड गंजून फुगलंय आणि स्लॅबचे पोपडे ताटात पडतात हे मंद्या सांगत नाही, कारण ते फोटोत येत नाही.

"आणि इतिहास?" प्रोफेसरला जोर आला. "वरळीच्या चाळींत सत्याग्रहींना ठेवलं होतं, १९३० ला! तात्पुरता तुरुंग!"

"म्हणजे बघ," पक्या म्हणाला, "खोली कशी आहे ते इंग्रजांना पण कळलं होतं. त्याच १६० फुटात आपल्या आज्याने आठ माणसांचा संसार केला."

इथे नाना हसले. नाना कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. बदली कामगार म्हणून सुरुवात, सकाळी गेटवर उभं रहायचं, जॉबरने (मुकादमाने) बोट केलं तर आत, नाहीतर परत. "आरं मी चाळीत राहिलो कुठं," ते म्हणाले, "पाळीनं झोपलो. मी रातपाळीवरनं आलो की दिवसपाळीवाला उठायचा, त्याचंच अंथरूण, गरम असायचं अजून." खोलीत सगळी गावाकडची माणसं, जेवण खाणावळीत, पगार झाला की खाणावळवाल्या बाईंचा हिशोब आधी चुकता. प्रोफेसर हे मोबाईलवर रेकॉर्ड करायला लागला तर नानांनी बोलणं बंद केलं. तो मोबाईल खिशात गेल्यावरच पुढचं बोलले.

मग गाडी गिरणीच्या चिमणीवर, म्हणजे धुराड्यावर आली, ती येतेच. गिरणीच्या जागी झालेल्या मॉलमध्ये चिमणी जपलीय, बघा, असं करता येतं, असं प्रोफेसरचं म्हणणं.

"चिमणी जपली, कारण चिमणी घर मागत नाही," पक्या. "नानांना विचार, त्यांनी मागितलं."

नानांचा १८ जानेवारी १९८२ पासूनचा, म्हणजे गिरणी संप सुरू झाला तेव्हापासूनचा हिशोब सगळ्या कट्ट्याला पाठ आहे. गिरण्यांच्या जमिनीचे पालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे होणार असं १९९१ ला ठरलं, २००१ ला नियम असा फिरवला की वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, गिरणी उभी होती ती जमीन मालकाला, आणि २००६ ला सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. गिरणी कामगारांच्या घरांच्या २०१२ च्या लॉटरीत ६,९२५ घरं आणि अर्ज लाखाच्या वर. नानांचं नाव नाही. आता शेलू-वांगणी बघा म्हणतात.

"गिरणी परळात, संप परळात, नि घर कर्जत लायनीला," नाना म्हणाले. "तिथं जाऊन भोंगा कुणाचा ऐकू?"

"पण टॉवरमध्ये माणुसकी रहात नाही," प्रोफेसर अजून त्याच ट्रॅकवर. "दारं बंद, शेजारी ओळखत नाही."

"माणुसकीचं जाऊ दे, मला मेंटेनन्सचं बोल." पक्या लिफ्टचं काम करतो, मेकॅनिक आहे, त्यामुळे इथे सगळे जरा सरसावून बसले. "वरळीचे टॉवर चाळीस मजली. लिफ्टचं एएमसी, म्हणजे वर्षाचं देखभालीचं कंत्राट, काय असतं, एक कंट्रोल कार्ड उडालं की काय बिल येतं, ते मला माहितीय. त्यात पाण्याचे पंप, फायर सिस्टीम, जनरेटर, वॉचमन. सुरुवातीची वर्षं निघतील. पुढे? ज्याची पेन्शन दीड-दोन हजार तो काय भरणार? मग पोरगा म्हणणार, बाबा विकूया, बदलापूरला दोन येतील. चाळ पाडली म्हणून कोण नाय जात इथनं. बिल भरता आलं नाय की जातो. त्याच्यावर बोला, कॉर्पस म्हणजे देखभालीसाठी ठेवलेला फंड किती, त्याचं व्याज किती, सोलर लावणार का. हा इथे पायऱ्यांचे फोटो काढतोय."

"मग नको का घर तुला?"

"नको कसं? आई तीन मजले उतरत नाय आता. गुडघे गेले. लिफ्ट हवीय. बिघडली तर मी करीन दुरुस्त, पण पार्टचे पैसे कोण देणार ते आत्ता लिहून घ्या म्हणतोय."

मंद्या म्हणाला बरोबर आहे. प्रोफेसर म्हणाला हा फारच संकुचित अर्थवाद झाला. मंद्या म्हणाला हे पण बरोबर आहे.

त्यानंतर चर्चा घसरलीच. संकुचित म्हटल्यावर पक्याने सातवीतली दहीहंडी काढली, प्रोफेसर दुसऱ्या थरावर होता आणि वरून पाणी पडल्यावर "माझा चष्मा" म्हणून खाली बसला, पक्याचा हात मोडला तो तेव्हा. प्रोफेसरचं म्हणणं खालचा मंद्या हलला. मंद्या म्हणाला मी त्या वर्षी गावाला होतो. दरवर्षी हेच होतं, निकाल लागत नाही. मग प्रोफेसर लहानपणी रात्री संडासला एकटा जायला घाबरायचा आणि आईला उठवून पॅसेजच्या टोकाला उभी करायचा ते निघालं, आई आत बसलेल्या त्याच्याशी मोठमोठ्याने बोलत रहायची म्हणजे भूत येत नाही.

प्रोफेसरने विषय बदलायला म्हणून हळूच मुद्द्याचं सांगितलं. चाळ पाडतील तेव्हा त्याला एखादी जुनी कडी हवी होती. ठाण्याच्या हॉलमध्ये, फ्रेम करून, आठवण म्हणून.

"देतो की," पक्या म्हणाला. "संडासाची देतो. ती लागत नव्हती म्हणून तर आई उभी असायची तुझी."

नानांना हसता हसता ठसका लागला, मंद्याचा चहा प्रोफेसरच्या पँटवर गेला, आणि त्या गडबडीत बिल कोणी दिलं ते कळलंच नाही. प्रोफेसरने दिलं नाही, एवढं नक्की.