सलाम पोचला, पण चहाचा कप कुठून आणलात?

बंधू, सलाम.

'बायबल आपलं आपण वाचावं' या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. एक चूक कबूल. रोज शास्त्रलेख चाळून प्रेषित पौलाचं बोलणं पडताळणारे लोक बिरुया गावचे. मी घाईत थेस्सलनीकाचे लिहिले (प्रेषितांची कृत्ये 17:11). दुरुस्त केलंय, आभार.

पण 'बंधू' म्हणून सुरुवात करायची आणि पुढे लिहायचं, "हिब्रू-ग्रीकचा गंध नसलेल्यांनी चहाचा कप हातात धरून अर्थ लावू नयेत, त्यासाठी पाळक (चर्चचे धर्मगुरू) आहेत." ही कुठली रीत? मतभेद असू द्या की. चहा कशाला मधे आणला?

माझी आई सोलापुरात बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. दोन्ही हात गुंतलेले, कप धरणार कुठे? चौथी शिकलेली. शेजारी पाटावर बायबल उघडं असायचं, पान उलटायचं काम माझं. मत्तयाच्या शुभवर्तमानाची पानं अजून तपकिरी आहेत, वासही येतो.

त्यातच येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर ती अडली. दिवसभर राबलेल्याला आणि तासभर काम केलेल्याला सारखीच मजुरी? हजार बिड्यांमागे पैसे मोजून घेणारी बाई, तिला ते पटेना. आमच्या तेव्हाच्या पाळकांना विचारलं तर म्हणाले, "बाई, देवाच्या गोष्टीत हिशेब करू नये." ती गप्प घरी आली. आठवड्याने मला म्हणाली, "ते परत वाच, ते लोक मालकाला काय म्हणतात?" मी वाचलं, उशिरा लागलेले म्हणतात: आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. "बघ की," ती म्हणाली, "आळशी नव्हते ते. कारखान्यात पान मिळालं नाही त्या दिवशी मी काय झोपून राहते? पोट तर तेवढंच लागतं."

हे तिला ग्रीकमधून नाही सुचलं, साहेब. आणि ग्रीकचा धाक मला घालू नका. पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकल्या त्या कशासाठी? कमी शिकलेल्या बायकांना वाचून कळावं म्हणून. अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. ते 1924 साली निघालं तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तुमचं ग्रीक कुणाच्या उपयोगी पडलंय, ते तुम्हीच जाणे.

कूशी षंढ रथात ग्रंथ वाचत होता, अर्थ कळेना, तो फिलिपने सांगितला, हा बायबलमधला दाखला तुम्ही दिलात. फिलिप रथात त्याच्या शेजारी बसला, ग्रंथ हिसकावून नाही घेतला. पुरे.

भाषांतरांतले फरक, पंथांची भांडणं हे तुमचे बाकीचे मुद्दे सोडून देतो. वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर तुमचा सूर बघून इच्छाही उरली नाही. परत लिहाल तेव्हा मत्तयाच्या 20व्या अध्यायावर लिहा, जरूर वाचीन. फक्त चहा वगळा.