साळुंक्यांच्या फोटोखालचा मजकूर

‘मूकपटांत बाई नव्हतीच, पुरुषच लुगडी नेसून उभे राहायचे. सगळे सिनेमे देवादिकांचे. घरसंसाराच्या गोष्टी आणि निरनिराळ्या समाजांतल्या नट्या आल्या त्या बोलपटांमुळे.’ तारामतीच्या वेशातल्या अण्णा साळुंक्यांच्या फोटोखाली अशा अर्थाचा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. फोटो खरा आहे. मजकुराचं तसं नाही.

‘बाई नव्हतीच’ हे १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला त्या दिवसापुरतं ठीक. फाळक्यांना कुणी बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती झाले. पण फाळक्यांच्या लगेचच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. (याच कमलाबाई पुढे गोखले, विक्रम गोखल्यांच्या आजी.) साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोघंही केले, तेव्हा जुनी रीत एका रात्रीत मोडली नाही, हे कबूल. पण १९२६ मध्ये फातमा बेगम ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित करत होत्या. ‘नव्हतीच’ म्हणताना यांना कुठे बसवायचं?

‘सगळे देवादिकांचे’ याला फार वेळ द्यायला नको. १९२५ चा बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ कोल्हापूरचा; कर्जात जमीन गमावणारा शेतकरी, त्या भूमिकेत तरुण शांताराम. १९२७ ची चंदुलाल शहांची ‘गुणसुंदरी’ तर सरळ नवराबायकोची गोष्ट: घरकामात बुडालेली बायको, बाहेर रमणारा नवरा, आणि मग बायकोही उंबरा ओलांडते. नायिका गोहर.

निरनिराळ्या समाजांच्या मुद्द्यावर मात्र मजकूर अगदीच उलटा आहे. पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स बगदादी ज्यू कुटुंबातली. टेलिफोन ऑपरेटरचं काम सोडून ती ‘सुलोचना’ झाली आणि १९२६ मध्ये ‘टायपिस्ट गर्ल’मध्ये झळकली. रेनी स्मिथ ही अँग्लो-इंडियन मुलगी पडद्यावर ‘सीतादेवी’. आणि माझं सगळ्यात लाडकं उदाहरण: १९२२ मध्ये कलकत्त्याच्या मादन कंपनीनं ‘पतिभक्ती’ काढला. पैसा पारशांचा, उपदेश हिंदू पतिव्रतेचा, आणि तो गळी उतरवणारी लीलावती कोण, तर अँग्लो-इंडियन पेशन्स कूपर!

आता या मजकुराची पाठराखण करायचीच तर ती इथे करता येईल. कॅमेऱ्यासमोर माणसं नाना घरची होती, पण पडद्यावरचं घर बहुतेक वेळा एकाच तऱ्हेचं दिसे. रूबीला ‘सुलोचना’ व्हावं लागलं, पेशन्सला लीलावती. ज्यू घरातला किंवा अँग्लो-इंडियन घरातला संसार नायिकेचा संसार म्हणून क्वचितच आला. तेव्हा ‘विविधता होती’ एवढंच म्हणून मलाही मोकळं होता येत नाही.

आणि परकं नाव बदलून चालून गेलं, तसं जातीचं चाललं नाही. त्रिवेंद्रमला जे. सी. डॅनियल यांनी ‘विगतकुमारन’ हा मल्याळी मूकपट काढला. त्यात पी. के. रोझी या दलित स्त्रीनं नायर घराण्यातली नायिका साकारली. खेळाच्या वेळी सवर्ण प्रेक्षकांनी पडद्यावर दगड मारले, रोझीला गाव सोडून पळावं लागलं. पुरुषानं सीता होणं लोकांनी कौतुकानं पाहिलं होतं.

राहिला बोलपट. त्यानं दार उघडलं म्हणतात. सुलोचनाबाईंच्या तोंडावर ते आधी लागलंच. हिंदुस्तानी नीट येत नाही म्हणून त्या काळातल्या या सगळ्यात मोठ्या तारकेला काम थांबवून भाषा शिकत बसावं लागलं. परतल्या त्या १९३२ च्या बोलक्या ‘माधुरी’तून, आपल्याच मूकपटाच्या नव्या आवृत्तीतून.