‘आटे बसले की फिल्टर बसला’ हे खरं नाही

एक सल्ला सध्या फार फिरतोय: “ऑइल फिल्टर दर वेळी बदलायची गरज नाही, एक सोडून एक वेळी बदला. कुठलाही घ्या, आटे बसले की झालं. आणि बसवताना पान्याने करकचून आवळा.” ऐकायला सोयीचा आहे, पण तिन्ही बाबतींत इंजिनाच्या जिवावर उठणारा आहे.

एक सोडून एक वेळी बदलायची पद्धत पूर्वी होती, हे खरं. काही जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांतच तसं लिहिलेलं असे. पण तेव्हा ऑइल लवकर बदलायचे. आज बऱ्याच गाड्यांत ते 10,000 किलोमीटरला बदलतात, म्हणजे एकाच फिल्टरने 20,000 काढायचे. फिल्टरमधला घाणीने थोडा भरलेला कागद जास्त बारीक गाळतो, हाही मुद्दा बरोबर आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. कागद तुंबला की दाब वाढून बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे कागद टाळून ऑइल थेट पुढे सोडणारी झडप, उघडतो. इंजिन ऑइलविना राहू नये म्हणून ती सोय असते. मग ऑइल न गाळताच बेअरिंगपर्यंत जातं आणि डॅशबोर्डवर त्याचा दिवा बहुधा लागतही नाही. शिवाय जुन्या फिल्टरच्या डब्यात उरलेलं काळं ऑइल नव्यात मिसळतं, ते वेगळंच.

आट्यांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. पाऊण इंची आणि 20 मिलिमीटरचे आटे दिसायला जुळे भाऊ. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर, आणि दोन्हींच्या आट्यांमधलं अंतरही जवळपास सारखंच. त्यामुळे 20 चा फिल्टर इंजिनावरच्या पाऊण इंची नळीवर चढतो, घट्टही वाटतो. पण पकड अर्धवट असते आणि दाबाखाली तो सुटू शकतो.

आटे अगदी बरोबर असले तरी आतलं काही कळत नाही. बायपास किती दाबाला उघडायचा, हे इंजिनागणिक वेगळं असतं. इंजिन बंद झाल्यावर ऑइल खाली ओघळू नये म्हणून आत रबराची एक पातळ झडप असते. फिल्टर आडवा बसणाऱ्या इंजिनात तिचं काम मोठं. रोज सकाळी स्टार्ट करताना दोन सेकंद टकटक वाजणाऱ्या एका गाडीचा फिल्टर मी कापून पाहिला होता. झडपेचं रबर बाटलीच्या झाकणासारखं कडक झालेलं, बोटाने दाबलं तरी वाकेना. योग्य नंबरचा नवा फिल्टर लावला आणि आवाज थांबला. कंपनी कुठलीही चालेल, पण ती चांगली हवी आणि पार्ट नंबर तुमच्याच इंजिनासाठी दिलेला हवा.

आवळण्याचं म्हणाल तर आट्यांवर फिरवून बसवायच्या डब्याच्या फिल्टरला बहुतेक वेळा हातच पुरतो. रबरी रिंगला बोटाने नवं ऑइल लावा, ती टेकली की साधारण पाऊण फेरा. डब्यावर वेगळं छापलं असेल तर तसं. करकचून आवळलेल्या फिल्टरची रिंग चेपते आणि पुढच्या वेळी तो निघता निघत नाही. गळतीचं नेहमीचं कारण वेगळंच असतं: जुनी रिंग इंजिनालाच चिकटून राहते आणि नवी तिच्यावर बसते. अशी दुहेरी रिंग कितीही आवळली तरी ऑइल बाहेर फेकते. म्हणून जुना फिल्टर काढला की त्याची रिंग त्याच्याबरोबर आली का ते आधी पाहा. नवा बसवल्यावर इंजिन मिनिटभर चालवून खाली वाकून बघा, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक तपासा. रिकामा फिल्टर भरल्यामुळे पातळी थोडी उतरलेली असेल, तेवढं ऑइल वरून घाला.