एक तारा, धरलेली मान आणि आमचा जुना रोलर कोस्टर

नमस्कार ताई,

आमच्या पार्कबद्दलचा तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय रविवारी रात्री वाचला आणि खरं सांगतो, आधी रागच आला. सोमवारी पार्क बंद असतो. सकाळी ऑपरेटरला बोलावून घेतलं, तुम्ही बसला होतात त्याच शेवटच्या रांगेत बसलो आणि लागोपाठ दोन फेऱ्या मारल्या. उतरलो तेव्हा उजवा कान लाल झाला होता. म्हणून हे उत्तर जरा उशिरा लिहितोय.

इतरांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. रोलर कोस्टरमध्ये डोकं दोन्ही बाजूंनी दांड्यावर आपटलं, यजमानांची मान दोन दिवस धरली, मुलीच्या कानाला लागून एक डूल पडला. गाडी चढावर मध्येच थांबली. ऑपरेटरकडे तक्रार केली तर तो म्हणाला, "ताई, हे असंच असतं." आणि शेवटी तुमचा प्रश्न: हे भंगार कधी काढणार, का लोकांच्या जिवाशी खेळणार?

त्या "असंच असतं"बद्दल आधी माफी मागतो. पोराला मी बोललो नाही, कारण हे वाक्य तो माझ्याकडूनच शिकलाय. गेली काही वर्षं उतरणारी माणसं कान चोळताना दिसली की मीही हसून हेच म्हणत आलोय.

आता डोकं का आपटतं ते सांगतो. आमची राईड जुन्या पद्धतीच्या डिझाईनची आहे. वळणावर डबा कलतो तेव्हा तो रुळांभोवती कलतो. तुमचं डोकं रुळापासून चांगलं मीटरभर वर असतं, त्यामुळे डबा थोडासा कलला तरी डोकं मोठा झोका घेतं, तोही एका क्षणात. नव्या कोस्टरमध्ये रूळ असे वाकवतात की डबा बसणाऱ्याच्या छातीभोवती फिरतो. डोकं फारसं हलतच नाही, रूळच खालून इकडून तिकडे जातात. त्यात आमचे खांद्यावरून येणारे दांडे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कडक भिंती असल्यासारखे. हल्ली बऱ्याच राईडवर नुसता मांडीवरचा दांडा असतो, डोक्याला आपटायला काही नसतंच.

तुम्ही शेवटच्या रांगेत होतात आणि वेळ भर दुपारची होती. उतारावर पुढचे डबे आधी सुटतात आणि शेवटच्याला ओढत नेतात, म्हणून मागे बसणाऱ्याला माथ्यावरून हिसका जास्त लागतो. उन्हात ग्रीस पातळ होतं, चाकं तापतात, गाडी सकाळपेक्षा जोरात पळते. म्हणजे या राईडची सगळ्यांत वाईट फेरी नेमकी तुमच्या वाट्याला आली. हे आमच्या माणसाला माहीत असतं. त्याने तुम्हाला दुसऱ्या रांगेत बसवायला हवं होतं.

चढावर गाडी थांबली त्याबद्दल मात्र मनातली भीती काढून टाका. एखाद्या सेन्सरने चुकीचा सिग्नल दिला तरी यंत्रणा आधी साखळी थांबवते, कशामुळे ते मग बघता येतं. चढताना खालून "टक-टक-टक" असा आवाज येतो, तो साखळीचा नसतो. डब्याखालचा खटका रुळाच्या मधल्या दात्यांवरून उडी मारत जातो, त्याचा असतो. साखळी तुटली तरी तो खटका दात्यात अडकतो आणि गाडी मागे घसरत नाही. तुम्ही तिथे अडकला होतात ती दहा मिनिटं कंटाळवाणी होती, धोक्याची नव्हती. पण खालून कोणीतरी भोंग्यावर एवढं सांगायला हवं होतं. तेही झालं नाही.

"जिवाशी खेळ" हा शब्द मात्र मी घेणार नाही. रोज सकाळी आमचा फिटर ट्रॅकखालून चालत जातो आणि प्रत्येक जोडावर हातोडी मारतो. घट्ट बोल्ट "ठण्ण" वाजतो, ढिला "ठप्प". पंचवीस वर्षं हे ऐकून त्याचे कान असे तयार झालेत की मी बोलत असलो तर मला हातानेच गप्प करतो. एक डबा तीन तऱ्हेच्या चाकांनी रुळाला धरलेला असतो: वरून चालणारी, बाजूने दाबणारी आणि रुळाखालून अडवणारी. त्यामुळे तो उलटा झाला तरी सुटत नाही. वर्षातून एकदा डबे उतरवून वेल्डिंगवर लाल रंगाचं पातळ द्रव्य लावतो, पुसतो आणि वर पांढरी पूड फवारतो. कुठे तडा असेल तर आत मुरलेला रंग पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ होऊन वर येतो.

या पावसाळ्यात अशा तीन रेघा आल्या. तिन्ही भरून घेतल्या, पुन्हा तपासल्या, मगच गाडी सोडली. पण जो धक्का तुमच्या मानेला बसतो तो रुळालाही बसतो, दिवसातून शेकडो वेळा. एका वर्षात तीन म्हणजे पुढच्या वर्षी किती, हा हिशेब मला कळतो.

चाकं बदलून बघितली. नायलॉनचं चाक पळतं छान, पण दगडासारखं कडक. पॉलियुरेथेनचं मऊ, धक्का गिळतं, पण आमच्याकडच्या मे महिन्यात तापून त्याचं अस्तर सुटायला लागतं. दांड्यांना जाड फोम लावला, तो पोरांनी नखांनी कुरतडला. मूळ रूळच तसा वाकवलेला असेल तर चाकं तरी काय करणार?

मोठ्या पार्कांनाही हे चुकलेलं नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या बुश गार्डन्समध्ये ड्रॅकन फायर नावाचा कोस्टर 1992 साली सुरू झाला. लोक अंग दुखतं म्हणू लागले, म्हणून त्यातलं एक उलटं वळण कापून टाकलं. तरी लोक फिरकेनात आणि 1998 नंतर तो चाललाच नाही. ओहायोच्या किंग्ज आयलंडने 1987 चा व्होर्टेक्स 2019 मध्ये बंद केला. फ्लोरिडात युनिव्हर्सलने आपला 1999 चा हल्क बंद ठेवून रूळ आणि डबे नवे बसवले आणि 2016 मध्ये त्याच जागी पुन्हा सुरू केला. खिसा तेवढा खोल असेल तर हा उत्तम मार्ग. आमचा नाही. आपल्याकडे गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 ला सुरू झालं आणि 2022 मध्ये बंद झालं. लहानपणी बोटीने तिथे गेलेली माणसं अजून आमच्या तिकीट खिडकीवर त्याच्या गोष्टी सांगतात. त्या ऐकल्या की आपली राईड काढायचा निर्णय मी आणखी सहा महिने ढकलायचो. शाळांच्या सहलींचे मास्तरही फोनवर पहिला प्रश्न "रोलर कोस्टर चालू आहे ना?" हाच विचारतात.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दिवाळीची सुट्टी संपली की आमचा रोलर कोस्टर कायमचा बंद होईल. तोपर्यंत शेवटच्या दोन रांगा रिकाम्या राहतील, मानेचा किंवा पाठीचा त्रास असणाऱ्यांना बसू देणार नाही आणि हे खिडकीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय. नंतर रूळ गॅस कटरने तिथेच कापले जातील. एका जत्रेवाल्याने तो आहे तसा विकत मागितला होता. जुने कोस्टर असे विकले जातात, त्यात गैर काही नाही. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मचा 1975 चा कॉर्कस्क्रू 1990 मध्ये आयडाहोच्या सिल्व्हरवुडला गेला आणि तिथे पुन्हा उभा राहिला. पण आमच्या रुळावरच्या त्या लाल रेघा मी पाहिल्यात. दुसऱ्याच्या पोरांना त्यावर बसवून मला झोप लागायची नाही. तेव्हा ताई, भंगार हा तुमचा शब्द आता अक्षरशः खरा होणार आहे.

चौघांच्या तिकिटांचे पैसे तुम्ही ज्या खात्यातून भरले होते तिथे परत पाठवलेत. यजमानांना डॉक्टरकडे जावं लागलं असेल तर बिल पाठवा, तेही आमच्याकडे.

आणि एक. सोमवारी फिटर ट्रॅकखालून चालत असताना दुसऱ्या वळणाच्या खांबाशी गवतात त्याला एक डूल सापडला. मोराचा, निळ्या खड्याचा, मागची फिरकी नाही. तुमच्या मुलीचाच असावा. तिकीट खिडकीच्या ड्रॉवरमध्ये पाकिटात घालून ठेवलाय. पत्ता कळवला तर कुरिअर करतो.