छोट्या ध्वनिसंचाविषयी आलेल्या तक्रारीला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या फोंड्याच्या दुकानातून आपण आपल्या पथकासाठी घेतलेल्या ध्वनिसंचाविषयी लिहिलेला अभिप्राय आम्ही छायाचित्रांसह लक्षपूर्वक पाहिला. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : सोळा चॅनलचा जुना मिक्सर, पंधरा इंची दोन स्पीकर आणि दोन मॉनिटर (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेले स्पीकर) घरी ठेवून आपण आम्ही सुचवलेला छोटा संच, म्हणजे टॅब्लेटवरून चालवायचा मिक्सर आणि खांबासारखा उभा एकच कॉलम स्पीकर, घेतला, परंतु जत्रेच्या कार्यक्रमात देवळाच्या प्रांगणात मागे बसलेल्यांना अभंगाचे शब्द कळले नाहीत, माईकने दोनदा शिट्टी मारली, ऐन मध्यंतरापूर्वी टॅब्लेटचा मिक्सरशी असलेला संपर्क तुटला, आणि हे सगळे होऊनही खर्च मात्र जुन्या संचापेक्षा अधिकच झाला. हा अभिप्राय वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण स्वतः कार्यक्रम करणारे असतील आणि असाच संच घ्यावा की नाही, या विचारात असतील, म्हणून उत्तरही येथेच सविस्तर देत आहोत.

आपण आमच्याकडे आलात तेव्हा आपली अडचण आवाजाच्या ताकदीची नव्हती. हंगामात कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत होणाऱ्या बैठकींसाठी प्रत्येक वेळी टेंपो भाड्याने घ्यावा लागतो, जोडणीलाच तासाभराहून अधिक वेळ जातो आणि गायला बसण्यापूर्वीच माणसे थकतात, असे आपले म्हणणे होते. त्यावर आम्ही सर्वप्रथम आपल्या पथकाला प्रत्यक्षात किती चॅनल लागतात ते मोजले. गायक आणि सहगायक यांचे दोन माईक, पेटीला एक, तबला आणि डग्गा यांना एकेक, आणि डीआय बॉक्समधून (वाद्याची वायर मिक्सरला घरघरीविना जोडणारी छोटी पेटी) येणारा कीबोर्ड, असे सहा. टाळाला वेगळा माईक लागत नाही. तो इतरांच्या माईकांत आपसूक येतो, आणि आमच्या मते बहुतेक वेळा हवा त्याहून जास्तच येतो. उरलेले दहा चॅनल आपण वर्षानुवर्षे उगाच वाहून नेत होता.

म्हणून मिक्सर, राउटर आणि वीजपुरवठ्याची पट्टी ही तिन्ही एका लहान रॅकमध्ये कायमची जोडून दिली. कार्यक्रमाच्या ठिकाणी वीज, सहा इनपुट आणि स्पीकर एवढ्याच वायरी लावायच्या, आणि त्याही ज्या रंगाची चिकटपट्टी त्याच रंगाच्या खाचेत. माईक मात्र आपलेच राहू दिले. शूअरचा एसएम ५८ हा माईक १९६६ पासून बाजारात आहे आणि आपल्याकडचे दोन्ही उत्तम स्थितीत आहेत. ते बदलायला सांगणे हे दुकानदाराच्या फायद्याचे असेल, गायकाच्या नव्हे. वायरलेसचा आग्रहही आम्ही धरला नाही, कारण बसून गाणाऱ्याला त्यातून मिळते ते बॅटरीची चिंता वाढवणारेच.

आता शिट्टीविषयी. आपल्या छायाचित्रात कॉलम स्पीकर गायकाच्या बरोबर पाठीमागे उभा दिसतो. ही मांडणी आम्हीच दाखवली होती, परंतु ती हॉटेलसाठी. तेथे श्रोते जवळ असतात, पातळी कमी ठेवावी लागते, आणि कॉलम मागे असला की श्रोत्यांना ऐकू येते तेच कलाकारांनाही ऐकू येत असल्यामुळे मॉनिटरचे ओझे वाचते. हीच मांडणी प्रांगणात ठेवून आवाज वाढवला, तर कॉलममधून निघालेला आवाज गायकाच्या माईकच्या थेट तोंडात जातो, तेथून पुन्हा कॉलममध्ये येतो, आणि हे चक्र चालू राहिले की शिट्टी वाजते. एसएम ५८ सारखा माईक पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, त्यामुळे मोठ्या जागेत कॉलम माईकांच्या रांगेच्या पुढे आणि एका कडेला हवा, आणि कलाकारांसाठी एकच छोटा मॉनिटर माईकच्या बरोबर पाठीमागच्या दिशेला. हा दुसरा आराखडा संचासोबत दिला होता. कार्यक्रमाच्या धावपळीत पिशवीतला कागद शोधत बसायला कोणाला सवड नसते, हे खरे आहे. म्हणून यापुढे दोन्ही आराखडे रॅकच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून देऊ, आणि आपल्या रॅकलाही लावून देऊ.

त्याच छायाचित्रात आणखी दोन गोष्टी दिसतात. निवेदकाचा माईक स्टँडवर चालू स्थितीत आहे आणि त्याचे तोंड कॉलमकडे आहे. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजण्यापूर्वी मिळू शकणारी पातळी सुमारे ३ डेसिबलने घटते, म्हणून निवेदन संपताच तो चॅनल बंद करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दुसरे म्हणजे पेटीचा माईक अंदाजे दोन फुटांवर आहे. तो एका फुटावर आणला, तर पेटीचा थेट आवाज माईकला सुमारे ६ डेसिबलने अधिक मिळतो आणि तेवढा गेन (मिक्सरमध्ये माईकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) कमी करता येतो. पेटीवाल्यांना माईक जवळ आला की भात्याचा आवाज येईल अशी भीती वाटते. माईक भात्याच्या बाजूला न ठेवता सुरांच्या बाजूला वरून तिरका रोखला, तर तो त्रास फारसा होत नाही. गायकांच्या चॅनलवर १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापणारा फिल्टर आम्ही आधीच लावून दिला आहे. तो कृपया काढू नये.

मागच्या रांगांची तक्रार सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तेथे आपले निरीक्षण बरोबर आहे : एका कॉलमने तेवढे प्रांगण भरत नाही. संच देताना तो हॉटेलच्या बैठकी आणि लहान सभागृहे यांसाठी असल्याचे आम्ही बिलावरही लिहिले होते. परंतु यावर आपण सुचवता तो उपाय, म्हणजे पंधरा इंची दोन स्पीकर पुन्हा समोर उभे करणे, आम्हाला पटत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की स्पीकरचा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. पाच मीटरवर जी पातळी आहे ती चाळीस मीटरवर १८ डेसिबलने खाली येते. मागच्यांना पुरेसे ऐकू यावे म्हणून समोरून तेवढी ताकद लावली, तर पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठ मंडळींना कान झाकून बसावे लागेल. शिवाय आपल्याकडच्या देवळांच्या प्रांगणाला अग्रशाळांच्या (भाविकांच्या निवासाच्या खोल्यांच्या) भिंती असतात, सभामंडपात गुळगुळीत फरशी असते. मोठ्या स्पीकरचा आवाज त्यांवर आपटून उशिरा परततो आणि शब्दावर शब्द चढतो. मागच्यांना आवाज ऐकू येत होता पण शब्द कळत नव्हते, असे आपणच लिहिले आहे. तेथे आणखी जोर लावून शब्द स्पष्ट होणार नाहीत.

त्याऐवजी प्रांगणाच्या मध्यावर, एका कडेला, लहानसा दुसरा स्पीकर उभा करून त्याला योग्य तेवढा उशीर द्यावा. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे वीस मीटर जायला त्याला ५८ मिलिसेकंद लागतात. मागच्या स्पीकरला तेवढाच उशीर दिला की दोन्ही आवाज श्रोत्याच्या कानाशी एकत्र पोहोचतात आणि दोन्ही कमी पातळीवर ठेवता येतात. असा स्पीकर आपण विकत घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. वर्षातले आपले बहुतेक कार्यक्रम हॉटेलांत आणि घरगुती बैठकींत होतात. जत्रेच्या आणि भजनी सप्ताहाच्या मोजक्या कार्यक्रमांपुरता तो भाड्याने घ्यावा, आणि आपल्या गाडीत मात्र नेहमीचाच हलका संच राहू द्यावा. मोजक्या रात्रींसाठी वर्षभर जड सामान पोसणे, हेच आपल्या जुन्या अडचणीचे मूळ होते.

याला कायद्याचीही बाजू आहे, आणि आयोजक ती सहसा कलाकारांच्याच गळ्यात घालतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये, आणि राज्य सरकारने विशेष सवलत दिलेले दिवस सोडले तर रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वाड्याला, म्हणजे वस्तीला, लागून असलेल्या देवळात कमी पातळीचे दोन स्पीकर या मर्यादेत बसण्याची शक्यता समोरच्या दोन दणदणीत स्पीकरांपेक्षा कितीतरी अधिक आहे.

टॅब्लेटचा संपर्क तुटला तेव्हा आवाज बंद पडला नव्हता, हे आपल्या लिखाणातून स्पष्ट होत नाही, म्हणून सांगणे भाग आहे. मिक्सिंगचे सारे काम रॅकमधल्या यंत्रात होते. टॅब्लेट केवळ त्याला आज्ञा देतो. संपर्क गेला तरी शेवटच्या आज्ञेप्रमाणे आवाज चालूच राहतो. त्या वेळी नेमकी तबल्याची पातळी बदलता आली नाही, ही गैरसोय झाली, ती आम्ही नाकारत नाही. कारण बहुधा दोहोंपैकी एक असावे. मिक्सरच्या राउटरला इंटरनेट नसते, म्हणून पुष्कळ टॅब्लेट ते जाळे निरुपयोगी समजून आपणहून मोबाईल डेटाकडे वळतात. विमान मोड लावून केवळ वायफाय चालू ठेवले की हे थांबते. दुसरे असे की २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे चॅनल तीनच असतात, १, ६ आणि ११, आणि जत्रेत शेकडो फोन, दुकाने आणि कॅमेरे तेथेच गर्दी करतात. आपला राउटर आम्ही ५ गिगाहर्ट्झवर लावून देऊ. त्याचा पल्ला कमी असला तरी टॅब्लेट रंगमंचाजवळच असल्याने अडचण येणार नाही. खात्री म्हणून एक लॅन केबलही देऊ, म्हणजे गरज पडल्यास लॅपटॉप वायरने जोडता येईल.

विजेमुळे स्पीकरमधून येणाऱ्या घरघरीची तक्रार आपल्या अभिप्रायात कोठेही नाही, याचा आम्हाला आनंद आहे, कारण जत्रेत विद्युत रोषणाईच्या लाइनवरूनच ध्वनीला वीज देण्याची आयोजकांची खोड जुनी आहे. सगळा संच एकाच जागेवरून वीज घेतो आणि कीबोर्ड डीआय बॉक्समधून जातो, याचा तो परिणाम आहे. घरघर थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कदापि मानू नये. त्यात जिवाचा धोका आहे.

किमतीबाबत एवढेच सांगतो की जुना मिक्सर आणि स्पीकर यांना विक्रीत मिळणारी रक्कम आणि वाचणारे टेंपोचे भाडे हे दोन्ही हिशेबात धरले नाही, तर नवा संच महाग दिसणारच. जुने सामान लगेच विकू नका, एक हंगाम ठेवून पाहा, असे आम्हीच सुचवले होते आणि आजही तेच सांगतो.

आपल्या पुढच्या देवळातल्या कार्यक्रमासाठी दुसरा स्पीकर आणि मॉनिटर आम्ही भाडे न घेता देऊ, आणि आमचा माणूस साउंडचेकच्या वेळी येऊन उशीर, पातळी आणि मांडणी बसवून जाईल. त्यानंतरही कॉलम आपल्या कामाचा नाही असे वाटले, तर तो परत घेऊन बारा इंची दोन स्पीकर बदलून देऊ आणि किमतीत फरक पडला तर तेवढाच घेऊ किंवा देऊ. त्याआधी एकदा दुकानात येताना रॅक आणि टॅब्लेटबरोबर तबलजी आणि पेटीवादकांनाही वाद्यांसह आणावे, म्हणजे माईकच्या जागा त्यांच्या बसण्याप्रमाणे ठरवून स्टँडवर खुणा करून देता येतील. सोमवारी दुकान बंद असते. इतर दिवशी दुपारी चारनंतर यावे.